नेट कंट्रोल: जास्त ऐकणाऱ्या माणसाचं काम

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त खोकला आणि शेजारच्यांचा मिक्सर काढून टाकलाय.)

हॅम रेडिओवरच्या आधीच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. एकाने तर व्हॉइस नोटच पाठवली: "ताई, चाळीस लोक एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलतात म्हणता, मग गोंधळ होत नाही का? ग्रुप कॉलवर आम्ही चौघं असलो तरी कोणाचं कोणाला कळत नाही."

होतो की गोंधळ. तो होऊ नये म्हणून एक माणूस बसवलेला असतो. त्याला म्हणतात नेट कंट्रोल स्टेशन. आज त्याच कामाबद्दल बोलू, कारण गेली काही वर्षं मी हे काम करते आणि मला ते फार आवडतं.

आधी नेट म्हणजे काय ते सांगते. इथे नेट म्हणजे इंटरनेट नव्हे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर अनेक रेडिओ स्टेशनं जमतात, त्याला नेट म्हणतात. काही नेट मोकळे असतात, ज्याला ज्याच्याशी बोलायचं तो बोलतो. पण काम असलं, म्हणजे शर्यत, यात्रा, पूर, भूकंप असं काही असलं, की नेट नियंत्रित करतात. मग नेट कंट्रोलने परवानगी दिल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. दोन स्टेशनांना आपसात बोलायचं असेल तरी आधी कंट्रोलला विचारायचं.

ही हुकूमशाही कशाला, तर रेडिओच्या स्वभावामुळे. व्हॉट्सॲपवर दहा जणांनी एकदम लिहिलं तरी दहाही मेसेज दिसतात. आपल्या हँडीवर (हातातल्या वॉकीटॉकीसारख्या सेटला आम्ही हँडी म्हणतो) बोलायचं बटण दाबलं, की तुमचं ऐकणं बंद होतं. म्हणजे तुम्ही बोलत असताना दुसरा कोणी बोलतोय हे तुम्हाला कळतच नाही. त्यात व्हीएचएफवर आपण एफएम वापरतो, आणि एफएमची एक खोड आहे. दोघं एकदम बोलले तर रिसीव्हर जोरकस सिग्नल उचलतो आणि अशक्त सिग्नल गिळून टाकतो. आवाज नुसता फाटला असता तर निदान कळलं असतं की आणखी कोणीतरी आहे. बऱ्याचदा तेवढंही कळत नाही.

आता विचार करा, अशक्त सिग्नल कोणाचा असणार? जो दरीत अडकलाय, ज्याची बॅटरी संपत आलीय, ज्याच्याकडे पाच वॅटचा सेट आणि वीतभर अँटेना आहे त्याचा. आणि बातमी त्याच्याकडेच असते. गच्चीवर मोठा अँटेना लावून "माझा सिग्नल कसा येतोय" विचारणाऱ्याकडे ती नसते. नेट कंट्रोलचं निम्मं काम म्हणजे या दुसऱ्याला गप्प ठेवून पहिल्याला वाट करून देणं.

जहाजांच्या जगात ही गोष्ट फार जुनी आहे. २१८२ किलोहर्ट्झ ही समुद्रावरची आवाजाची संकटकालीन फ्रीक्वेन्सी. तिच्यावर दर तासाला, तास पूर्ण झाल्यावर आणि अर्धा तास झाल्यावर, तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून फक्त ऐकायचं असा नियम होता. जहाजाच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळावर ती तीन मिनिटं हिरव्या रंगात रंगवलेली असायची. का, तर कोणी क्षीण आवाजात मदत मागत असेल तर तो ऐकू यावा म्हणून. मेडे हा शब्द तुम्ही सिनेमात ऐकला असेल. तो 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आला, आणि एकदा मेडे सुरू झाला की संकटाची वाहतूक सांभाळणारं स्टेशन एक हुकूम देऊ शकतं: "सीलॉन्स मेडे". म्हणजे बाकी सगळे गप्प. काम संपलं की "सीलॉन्स फीनी". उच्चार मुद्दाम फ्रेंच ठेवलाय, म्हणजे कुठल्याही देशाच्या माणसाला तो ओळखू येतो.

बरं, आता नेट उघडायचा कसा?

सगळ्यात आधी ऐकायचं. निदान एखादं मिनिट. मग विचारायचं, "ही फ्रीक्वेन्सी वापरात आहे का?" आणि परत ऐकायचं. फ्रीक्वेन्सी कोणाच्या मालकीची नसते, तुमचा नेट वीस वर्षं तिथे भरत असला तरीही. मग प्रस्तावना: माझा कॉलसाइन, हा कुठला नेट, कशासाठी, नियंत्रित आहे की मोकळा, आणि चेक-इन कसं करायचं. नवीन ऑपरेटर ही प्रस्तावना घाईघाईत उरकतात. मी ती लिहून ठेवलीय आणि दर वेळी तीच वाचते, हळू. कारण पहिल्यांदा आलेला मुलगा त्या अर्ध्या मिनिटात ठरवत असतो की आपण बोलावं की नुसतं ऐकावं.

त्यानंतरचा पहिला प्रश्न कायम एकच: "कोणाकडे इमर्जन्सी किंवा तातडीचा निरोप आहे का?" हजेरी नंतर. नेट दर रविवारचा, गप्पांचा असला तरी हाच प्रश्न आधी. मग हँडीवाले, गाडीत असलेले, कमी पॉवरवाले. मग बाकीचे, भागाभागाने. एकदम पाचसहा जण बोलतात आणि त्यातून मला फक्त "…टँगो…" एवढं ऐकू येतं. तेव्हा "कोण होतं?" असं विचारायचं नाही. तसं विचारलं की पाचही जण परत बोलतात. म्हणायचं, "ज्यांच्या कॉलसाइनमध्ये टँगो आहे ते स्टेशन, बोला. बाकीचे थांबा." झालं, एक धागा हाती लागला की ओढत जायचं.

अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमाला तुम्हाला माहीत असेलच. १९५६ पासून विमानवाहतुकीत हीच चालते आणि आम्हीही तीच वापरतो. पण खरा घोळ अक्षरांत होत नाही, तो आकड्यांत होतो. आणि आपल्या मराठीत तर फारच. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास: सुरुवात सारखी, फरक शेपटात, आणि रेडिओवर नेमकं शेपूट तुटतं, कारण लोक वाक्य संपायच्या आत बटण सोडतात. बावन्न आणि ब्याण्णव. पंचावन्न आणि पंच्याण्णव. म्हणून माझ्या नेटवर आकडा सुटा सांगायचा. एकोणतीस नाही, "दोन, नऊ". एक ज्येष्ठ काका मला म्हणाले होते, "अगं, मराठीचा अपमान आहे हा." म्हटलं, काका, नेट संपला की मी तुमच्याशी पाढे म्हणते, पण आत्ता सुटे सांगा.

हे किती महत्त्वाचं असतं ते एका उदाहरणाने सांगते.

सह्याद्रीतली एक डोंगरी शर्यत. पावसाळा, ढग अगदी वाटेवर उतरलेले. मोबाइलला रेंज सुरुवातीच्या गावात आणि नंतर थेट शेवटी. सहा चेकपॉइंट, प्रत्येक ठिकाणी एक हॅम, शिवाय धावपटूंच्या शेवटी चालणाऱ्या टीमबरोबर एक, आणि सगळ्यात उंच सोंडेवर एक रिले स्टेशन. त्या सोंडेवरच्या मुलाचं काम एवढंच, की दरीतलं मला ऐकू आलं नाही तर ते पुढे सांगायचं. मी खाली गावात, शाळेच्या वऱ्हांड्यात. टेबल, रेडिओ, बॅटरी, वही, तीन पेन्सिली. (पेन नाही. पावसात पेन रुसतं.)

११ वाजून ४२ मिनिटांनी चेकपॉइंट ५ पाण्याच्या बाटल्यांबद्दल सांगत होता. त्याच्या वाक्याच्या शेवटी, त्याने बटण सोडल्यावर, खरखरीतून तुकडा आला: "…दोनशे सत… पाय… हलत ना…" आणि संपलं.

अशा वेळी मनात दहा प्रश्न येतात. विचारायचे नाहीत. मी म्हटलं, "सर्व स्टेशनं थांबा. इमर्जन्सी निरोप आहे. माझ्या पुढच्या सूचनेपर्यंत कोणीही प्रक्षेपण करू नये." मग रिलेला विचारलं, तू काय ऐकलंस? एक नियम इथे कामी येतो: रिलेने जे ऐकलं तेच सांगायचं, स्वतःची भर घालायची नाही. "पाय हलत नाही" ऐकलं तर "पाय मोडलाय" म्हणायचं नाही. त्या मुलाने नेमकं सांगितलं: "दोनशे सत, पुढचं तुटलं. पाय. हलता येत नाही किंवा हलवता येत नाही, नक्की नाही. आवाज शेवटच्या टीमचा वाटतो."

दोनशे सत. म्हणजे दोनशे सतरा की दोनशे सत्तर?

आणि माझ्या टेबलासमोर एक जण येऊन उभा होता. रेडिओचा आवाज वऱ्हांड्यात सगळ्यांना ऐकू जातो. तो म्हणाला, "ताई, दोनशे सतरा माझा भाऊ आहे."

त्या क्षणी त्याला धीर द्यावा असं कोणालाही वाटेल. पण माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं, ना चांगलं ना वाईट. मी सांगितलं, "दादा, नंबर अजून पक्का नाही. पक्का झाला की लगेच सांगते. या खुर्चीत बसा." आणि परत रेडिओकडे वळले. हेडफोन तेव्हा लावला. खरं तर अशा कामाला हेडफोन पहिल्यापासूनच असावा असं माझं मत आहे, पण आयोजकांनाही रेडिओ ऐकायचा असतो, त्यामुळे दर वेळी जमत नाही.

आता अशक्त सिग्नल. बोलणं कळत नाही, पण कोणीतरी बटण दाबतंय हे कळतं. एफएम सेटवर स्क्वेल्च नावाची सोय असते, ती कोणी बोलत नसताना खरखर बंद ठेवते. ती मी पूर्ण उघडली, म्हणजे सतत 'खर्रर्र' चालू. आता कोणी दूरवर नुसतं बटण दाबलं तरी तेवढ्यापुरती ती खरखर दबते. बोलणं जिथे पोहोचत नाही तिथे हे दबणं पोहोचतं. म्हणजे हो आणि नाही एवढं तर आपण बोलू शकतो.

"शेवटची टीम, मला तुमचं बोलणं कळत नाही, तुमचं बटण कळतंय. हो असेल तर एकदा दाबा. नाही असेल तर दोनदा. माणूस शुद्धीवर आहे?"

खरखर एकदा दबली. हो.

"रक्त वाहतंय?" दोनदा. नाही.

"नंबर दोन, एक, सात?"

दोनदा.

"नंबर दोन, सात, शून्य?"

एकदा.

"परत विचारते. दोन, सात, शून्य?" एकदा.

"तुमच्याबरोबर दुसरं कोणी थांबायला आहे?" एकदा. "मग त्यांना जखमीजवळ थांबवा आणि तुम्ही एकटे वाटेने वर चढा, उघड्यावर या, आणि परत बोलवा."

हा शेवटचा प्रश्न विसरायचा नाही. सिग्नलसाठी माणसाला वर पाठवायचं आणि जखमी एकटा राहायचा, असं होता कामा नये.

मी हेडफोन काढून त्या दादाला सांगितलं, "तुमचा भाऊ नाही." तो काही बोलला नाही. माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायला आणि मग म्हणाला, "मग कोण आहे?" ते मी सांगितलं नाही. दोनशे सत्तरच्या घरचं तिथे कोणी नव्हतं, आणि त्यांना ते वऱ्हांड्यातून फिरत फिरत कळायला नको होतं. रेडिओवरही आम्ही नाव घेत नाही, नंबरच घेतो, कारण रेडिओ ही खासगी गोष्ट नाही. सेट असलेला कोणीही ऐकू शकतो.

सहा मिनिटांनी ओढ्यातून वर आलेल्या ऑपरेटरचा आवाज स्वच्छ आला. घोटा सुजलेला, टेकवता येत नाही, माणूस कुडकुडतोय. जवळ चेकपॉइंट ३, तिथे डॉक्टर आणि स्ट्रेचर. आणि इथे कंट्रोलचं दुसरं मोठं काम येतं: हे बोलणं मुख्य फ्रीक्वेन्सीवरून हलवणं. डॉक्टर, शेवटची टीम आणि सोंडेवरचा रिले यांना मी दुसऱ्या ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर पाठवलं आणि तिथे माझ्या सहायक कंट्रोलला बसवलं. कारण डोंगरात अजून दीडशे माणसं होती. एकाची काळजी घेताना बाकीच्यांवरचं लक्ष उडालं तर दुसरा अपघात आपल्याला ऐकूच येणार नाही. थांबवलेला नेट परत सुरू केला, आणि चेकपॉइंट ५ ला म्हटलं, "हं, बाटल्यांचं काय म्हणत होतात?"

दुपारी २ वाजून १० मिनिटांनी दोनशे सत्तर रस्त्यावरच्या गाडीपर्यंत पोहोचला. वहीत तशी नोंद आहे. दोनशे सतरा त्याच्या आधीच चेकपॉइंट ६ वरून गेला होता, आपल्याबद्दल काय झालं याचा पत्ताही नसताना.

वहीबद्दल जरा बोलायला हवं. वेळ चोवीस तासांची, कोणी, कोणाला, काय. इतकंच. फोनवर टाइप करू नका, हात ओले असतात आणि स्क्रीन वेड्यासारखी वागते. दोन तासांहून मोठा नेट असेल तर लिहायला वेगळा माणूस ठेवा. ऐकणं, बोलणं आणि लिहिणं ही तिन्ही कामं एका डोक्याने फार वेळ होत नाहीत. आणि बदली कंट्रोल आधीच ठरवलेला असावा, ज्याला तुमचं सगळं ऐकू येतंय. तुमचा अँटेना पडला तर त्याने न विचारता सूत्रं घ्यायची.

एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या बँडवर, हेच काम वेगळं रूप घेतं. ७ मेगाहर्ट्झचा चाळीस मीटर बँड घ्या. दिवसा पुण्यातून नागपूर, गोवा, हैदराबाद छान येतात. सूर्य मावळला की जवळची स्टेशनं विरत जातात आणि लांबची, कधी परदेशातली, आत शिरतात. म्हणजे कंट्रोल तोच, जागा तीच, पण अर्ध्या तासापूर्वी स्पष्ट येणारा सातारकर आता गायब. तो गेला नाही, फक्त तुम्हाला ऐकू येत नाही. अशा वेळी विचारायचं, "सातारचं स्टेशन कोणाला ऐकू येतंय?" आणि दिल्लीचा कोणीतरी म्हणतो, मला येतंय. सातारचा निरोप दिल्लीमार्गे पुण्याला. यात काही विनोद नाही, रोजचं आहे.

मोठ्या संकटात हे काम कुठवर जातं ते २००४ मध्ये दिसलं. भारती प्रसाद या भारतीय हॅम डिसेंबरमध्ये अंदमानला गेल्या होत्या. तिथून हॅम रेडिओ फार क्वचित चालायचा, म्हणून जगभरचे हॅम त्यांच्या व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनची वाट बघत होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. हौशी संपर्कांसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये लावलेलं तेच स्टेशन मग बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचवायला लागलं. अमेरिकेत चक्रीवादळांसाठी १९६५ पासून एक खास नेट चालतो, १४.३२५ मेगाहर्ट्झवर. वादळ जमिनीजवळ आलं की तो उघडतात आणि वाटेतल्या बेटांवरून वारा आणि वायुभार यांची निरीक्षणं गोळा करतात. तिथले कंट्रोल किती कमी बोलतात ते ऐकण्यासारखं आहे.

तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं की कोणी मुद्दाम त्रास दिला तर? शिट्ट्या, गाणी, शिव्या, सगळं होतं. उत्तर एकच: काहीच म्हणायचं नाही. "कोणीतरी त्रास देतंय" हेसुद्धा नाही. त्याला तेवढंच ऐकायचं असतं. ज्याचं बोलणं बुडालं त्याला परत सांगायला लावा आणि पुढे चला.

आणि लांबण लावणारे? ते त्रास देणारे नव्हेत, ते आपलेच. रिपीटरला टाइमर असतो, ठरावीक मिनिटांनंतर तो आपोआप बंद होतो, आणि आमचे एक काका दर वेळी त्या टाइमरपर्यंत पोहोचतात. त्यांना मी आधीच सांगते, "काका, एक मिनिटात सांगा, उरलेलं ऐकायला मी नेटनंतर थांबते." मात्र मग खरंच थांबायचं. नाहीतर पुढच्या वेळी ते ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं?

(जाता जाता: हॅमच्या भाषेत पुरुष कितीही तरुण असला तरी ओएम, म्हणजे म्हातारबुवा, आणि बाई ऐंशीची असली तरी वायएल, म्हणजे तरुण मुलगी. मला ही पद्धत चालते.)

नेट बंद करतानाही क्रम आहे. आधी परत तोच प्रश्न, तातडीचं काही आहे का. मग एकेका स्टेशनला नाव घेऊन मोकळं करायचं. त्या शर्यतीच्या दिवशी चेकपॉइंट ५ च्या दोन मुलांचं उत्तर येईना. सगळे म्हणाले, बॅटरी संपली असेल, येतील. असेलही. पण वहीत त्यांच्यापुढे रेघ मारलेली नव्हती, म्हणून नेट बंद केला नाही. चाळीस मिनिटांनी दोघं चिखलाने माखून शाळेच्या दारात आले, बॅटरी खरंच संपली होती, आणि पहिला प्रश्न त्यांचा होता की वडापाव उरलेत का. रेघ मारली, वेळ लिहिली, १७:५५, आणि मग फ्रीक्वेन्सी सर्वांसाठी मोकळी केल्याचं सांगून सेट बंद केला.

तुम्हाला हे ऐकून बघायचं असेल तर आत्ता फोनवरच सुरुवात होते. वेबएसडीआर शोधा. जगभर लोकांनी आपले रिसीव्हर इंटरनेटवर ठेवलेत, ब्राउझरमध्ये ऐकता येतात. बोलायचं असेल तर मात्र परवाना हवाच, त्याशिवाय बटण दाबणं गुन्हा आहे. परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा घेते आणि वयाची १२ वर्षं पूर्ण असली की बसता येतं. आणि हो, पैसे घेऊन हे काम करायचं नसतं, शर्यतीतही नाही. जेवण मिळतं.

पुढच्या भागात एक कमी पैशातला अँटेना बनवू, पीव्हीसी पाइप आणि तारेचा. कात्री आणि मोजपट्टी जवळ ठेवा. सगळ्यांना सेव्हन्टी थ्री!